धूर दिसण्यापूर्वी

भद्रावतीच्या पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन परतणारे यात्रेकरू सहसा चंद्रपूरच्या पुढे जात नाहीत. जे जातात, त्यांना बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली अशी गावे मागे टाकीत चंद्रपूरपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास दक्षिणेकडे उतरावे लागते. आलापल्ली ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागाचे रान सुरू होते. सिरोंचापर्यंत ते फारसे पाठ सोडत नाही. शेवटी रान विरळ होते आणि समोर प्राणहितेचे विस्तीर्ण पात्र दिसते. वर्धा आणि वैनगंगा यांचे एकत्र झालेले पाणी येथे गोदावरीला मिळते. पलीकडचा तीर तेलंगणाचा, पूर्वेस इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी आणि माडिया या चारही भाषा ऐकू येतात.

आज महाराष्ट्राच्या नकाशावर एका कोपऱ्यात गेलेले हे गाव कधी काळी जिल्ह्याचे ठाणे होते. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात 'अपर गोदावरी' नावाचा जिल्हा होता आणि त्याचा कारभार सिरोंचातून चाले. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात आले. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा सिरोंचा त्यात गेले. कारभाराच्या सीमा अशा बदलत राहिल्या, पण या गावाभोवतीची संपत्ती तीच राहिली. साग, बांबू, मोह आणि तेंदू हेच येथले धन. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून सागवान रवाना झाले, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या लाकडाची ख्याती साऱ्या देशाने ऐकली. या लाकडाची पारख व्यापाऱ्यांच्या पेढ्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

हे धन राखण्याचे एक साधे साधन या रानात उंचवट्यावर उभे असते. वनखाते त्याला निरीक्षण मनोरा म्हणते. बोलण्यात तो 'टॉवर' किंवा 'मचाण' होतो. चार पाय, अरुंद जिना, वर छप्पर आणि चारी बाजूंना मोकळी नजर एवढेच त्याचे स्वरूप. एप्रिलच्या दुपारी अशा मनोऱ्यावर चढणाऱ्यास प्रथम निराशा वाटण्याचा संभव अधिक. खालून हिरवे असावेसे वाटलेले रान वरून करडे दिसते. सागाने पाने टाकलेली असतात. ऐन, धावडा, बिजा यांच्या फांद्या उघड्या असतात. मध्येच एखादा पळस किंवा कोवळी तांबूस पालवी फुटलेला मोह तेवढा रंग दाखवतो. वाघ दिसत नाही, हरिण दिसत नाही. दिसते ती क्षितिजापर्यंत पसरलेली वाळलेल्या पानांची चादर. मनोरा त्या चादरीसाठीच उभारलेला आहे, हे उमगायला थोडा वेळ लागतो.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा मानला जातो. त्याआधीच जाळरेषांची कामे उरकावी लागतात. जाळरेषा म्हणजे रानातून काढलेला रुंद पट्टा. त्यावरील गवत-पाचोळा देखरेखीखाली आधीच जाळून किंवा झाडून टाकतात, म्हणजे एका बाजूची आग दुसरीकडे ओलांडत नाही. हंगाम सुरू झाला की वनरक्षक, वनमजूर आणि चार महिन्यांपुरते नेमलेले गावातील फायर वॉचर यांची पाळी लागते. त्यांपैकी जो मनोऱ्यावर असतो, त्याचे काम ऐकायला सोपे आहे: बघत राहणे.

करताना मात्र ते सोपे राहत नाही. पाड्यावरच्या चुलींचा धूर सकाळ-संध्याकाळ उठतो, ठरलेल्या जागी उठतो आणि विरून जातो. कच्च्या रस्त्यावरून गेलेल्या ट्रॅक्टरची धूळ पुढे सरकत जाते. नदीवरचे धुके ऊन चढले की मावळते. पाचोळ्याला लागलेल्या आगीचा धूर मात्र जिथे पूर्वी काही नव्हते तिथून निघतो आणि घटकाभरात रुंदावतो. हे भेद डोळ्यांना सवयीनेच कळतात. धूर ओळखला की दिशा घ्यायची, अंतराचा अंदाज बांधायचा, नाला कोणता, टेकडी कोणती, कक्ष क्रमांक काय हे ठरवून वायरलेसवर किंवा, रेंज असेल तर, मोबाईलवर कळवायचे. एकाच मनोऱ्यावरून दिशा कळते, जागा कळत नाही. दोन मनोऱ्यांवरून घेतलेल्या दिशांच्या रेघा नकाशावर ओढल्या की त्या जिथे छेदतात तिथे आग. रात्री धूर दिसत नाही, परंतु आकाशाच्या कडेला तांबूस उजेड दिसतो आणि तोच खूण होतो.

नजरेच्या या विद्येला जगात मोठा इतिहास आहे. अमेरिकेच्या वायव्य भागात २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर रान जळाले आणि ८०हून अधिक माणसे मेली. त्या संहारानंतर तेथे डोंगरमाथ्यांवर निरीक्षण मनोऱ्यांची साखळी उभी राहू लागली. वनखात्यातील ओसबोर्न नावाच्या कर्मचाऱ्याने मेजावर गोल नकाशा आणि त्यावर फिरणारी दृष्टिपट्टी बसवून धुराची अचूक दिशा सांगणारे यंत्र तयार केले आणि ते अनेक दशके वापरात राहिले. पुढे विमाने आणि कॅमेरे आले, तसे अनेक मनोरे ओस पडले. न्यू यॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक आणि कॅट्सकिल पर्वतांतील कित्येक मनोरे स्थानिक स्वयंसेवकांनी दुरुस्त केले आहेत. सुटीच्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे ते चढून जातात. ज्या ठिकाणी पूर्वी एकटा माणूस धुराची वाट पाहत बसे, तिथे आता मुले डोंगरांची नावे विचारतात.

भारतातही आकाशातून पहारा सुरू झाला आहे. भारतीय वन सर्वेक्षण ही देहरादूनची संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्याच्या सूचना देते. उपग्रहावरील यंत्राला जमिनीवरची असाधारण उष्णता जाणवते आणि तिचे अक्षांश-रेखांश त्या भागातील वनकर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर जातात. महाराष्ट्रात अशा सूचना ज्या जिल्ह्यांतून सर्वाधिक येतात, त्यांत गडचिरोली नेहमीच पुढे असतो. जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भूभाग वनाच्छादित असल्यावर त्यात नवल नाही. तरीही मनोऱ्याची गरज संपलेली नाही. उपग्रह ठरलेल्या वेळीच माथ्यावरून जातो. तो पुढे गेल्यानंतर पेटलेली आग पुढच्या फेरीपर्यंत त्याला अज्ञात असते आणि ढगाआडचेही त्याला नीट दिसत नाही. वाऱ्याच्या दिवशी तेवढ्या वेळात एक अख्खा उतार जळून जातो. मनोऱ्यावरच्या माणसाला मात्र पहिली धुराची रेघही पुरते.

हा वणवा चित्रपटात दिसतो तसा शेंड्यावरून शेंड्यावर उडी घेणारा नसतो. येथील कोरड्या पानगळीच्या रानात आग जमिनीवरून चालते. ज्वाळा गुडघ्याएवढ्या, क्वचित कमरेएवढ्या. ती निघून गेल्यावर मोठा साग उभाच असतो, आणि म्हणून रस्त्याने जाणाऱ्याला फारसे काही बिघडले आहे असे वाटत नाही. बिघडलेले असते ते खाली. जमिनीवर घरटे करणारे पक्षी आणि त्यांची अंडी, कासवे, सरडे, गोगलगायी, मुंग्यांची वारुळे, पाचोळ्याखाली ओल धरून राहिलेले असंख्य सूक्ष्म जीव, मागच्या पावसात रुजलेली दोन पानांची रोपे, यांपैकी ज्यांना पळता येत नाही ते सर्व जागच्या जागी संपते. पाचोळा जळाला की पहिल्या पावसाचा मारा उघड्या मातीवर होतो आणि माती नाल्यावाटे प्राणहितेत जाते. हीच आग दरवर्षी लागत राहिली की मोठी झाडे म्हातारी होत जातात आणि त्यांच्या खाली त्यांची जागा घेणारे लहान झाड उरत नाही. अशा रानात मोहाखाली मोहाचे रोप शोधून सापडत नाही.

आग लागते कशी, याचे उत्तर जाणत्या वनकर्मचाऱ्याकडून एकच मिळते: ती लागत नाही, लावली जाते. निसर्गतः पेटणारा वणवा येथे अपवादानेच घडतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. पाचोळ्यातून ती वेचणे कठीण, म्हणून झाडाखालची पाने पेटवून जागा स्वच्छ करतात आणि ती आग सांभाळली गेली नाही की पुढे सरकते. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. झुडपे जळाली की मुळातून कोवळे फुटवे येतात आणि त्यांची पाने विडीला योग्य असतात, म्हणून काही ठिकाणी हंगामापूर्वी रान पेटवले जाते. शिकार, बांबू तोडणाऱ्यांची चूल, रस्त्याकडेला फेकलेले विडीचे थोटूक ही आणखी काही कारणे.

येथे दोष वेचणाऱ्यांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. शेतीचे काम नसलेल्या त्या दोन-तीन महिन्यांत मोह आणि तेंदू यांवरच कित्येक घरांचे पावसाळ्याचे धान्य, मुलांची वह्या-पुस्तके आणि आजारपण निभावते. पहाटे उठून पाने तोडायची, दुपारी घरी बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि सायंकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यायचा. असे १००० पुडे भरतात तेव्हा एक प्रमाण गोणी होते. म्हणजे एका गोणीसाठी ७०,००० वेळा हात झुडपापर्यंत जातो. ज्या बाजारासाठी तो हात चालतो, तो बाजार मात्र सिरोंचाच्या रानात नाही. तो शहरातील पेढीवर, गोदामात आणि लिलावाच्या टेबलाशी आहे. पान लवकर हवे, कोवळे हवे, भरपूर हवे, ही मागणी तेथून निघते आणि पाड्यापर्यंत पोहोचेतो तिची काडी होते.

विदर्भातील वनोपजाच्या व्यापाराशी ज्यांच्या घराण्यांचा पिढ्यानपिढ्यांचा संबंध आहे, त्यांना हा प्रश्न परका नसावा. धर्माच्या दृष्टीनेही तो नवा नाही. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांचे चरित्र आले आहे. त्यांतील पहिला आनंद हा वाणिज्यग्रामचा मोठा गृहस्थ होता. कोट्यवधींचे सुवर्ण, हजारोंचे गोधन, शेकडो नांगर आणि देशांतरी माल नेणाऱ्या गाड्या त्याच्यापाशी होत्या. अशा व्यवहारात मुरलेल्या माणसाला श्रावकाची व्रते सांगताना पंधरा कर्मादाने सांगितली गेली, म्हणजे ज्यांत जीवहिंसा अपार म्हणून श्रावकाने टाळावेत असे व्यवसाय. कोळसे पाडणे त्यात आहे, वनतोडीचा धंदा आहे, आणि 'दवाग्निदापन' म्हणजे रानाला आग लावणे किंवा लावविणे हे स्वतंत्र कर्मादान म्हणून आहे. प्रतिक्रमणात अतिचार आठवताना ही नावे आजही घराघरांत उच्चारली जातात. शहरातल्या उपाश्रयात बसून ती म्हणताना दवाग्नी ही जुन्या काळातील दूरची गोष्ट वाटते. सिरोंचाच्या मनोऱ्यावरून ती एप्रिलच्या कोणत्याही दुपारी डोळ्यांनी दिसू शकते.

बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात या कर्मादानाचे दोन प्रकार केले. एक आग केवळ सवयीने लावली जाते, दुसरी त्यात काही भले आहे अशा समजुतीने. आठ शतकांनंतरही वणव्याची कारणे याच दोन घरांत बसतात. फेकलेले थोटूक पहिल्या घरात, 'जाळले की पान चांगले येते' ही समजूत दुसऱ्या घरात. ही समजूत सर्वस्वी खोटीही नाही, कारण जळालेल्या तेंदूला फुटवे येतातच. पण हंगामाआधी झुडपे जमिनीलगत छाटली तरीही फुटवे येतात, आणि छाटणीने शेजारचे रोप, माती व कीटक जळत नाहीत. फरक इतकाच की छाटणीला मजुरी द्यावी लागते, काडीला लागत नाही. आग स्वस्त पडते, म्हणून ती लागते. तिची खरी किंमत कोणाच्याच खतावणीत नोंदली जात नाही.

कायद्यानेही या प्रश्नाची नोंद घेतली आहे, आणि त्यातील एक कलम व्यापाऱ्यांच्या फारसे वाचनात नसते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु कलम ७९ अधिक विचारात पाडणारे आहे. राखीव किंवा संरक्षित वनातून वनोपज नेण्याची ज्याला परवानगी आहे तो मनुष्य आणि त्या वनात त्याने कामाला लावलेली माणसे, यांनी आगीची खबर विनाविलंब वनाधिकाऱ्यास किंवा पोलिसास दिली पाहिजे आणि आग विझवण्याच्या कामास लागले पाहिजे, असे ते बजावते. अर्थात, ज्याच्या गोणीत त्या रानाचे पान जाते, त्याला कायद्याने आधीच पहारेकरी नेमले आहे. मनोऱ्यावर तो चढला नाही तरी पहारा त्याचाही आहे.

हा पहारा धूर दिसल्यावर नव्हे, धूर दिसण्यापूर्वी करता येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि पेसा कायद्याने गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. खरेदीदार थेट त्यांच्याशी करार करतो. त्या करारात एक ओळ वाढू शकते: हंगामापूर्वी रान जाळले जाणार नाही आणि छाटणीची मजुरी खरेदीदार वेळेवर, आगाऊ देईल. मजुरी उशिरा पोहोचली तर छाटणीचे दिवस निघून जातात आणि मग काडीच उरते, हे ध्यानात ठेवावयास हवे. ज्या गावाने वर्षभर रान जळू दिले नाही, त्याला पुड्यामागे काही पैसे अधिक देता येतात. मोहाच्या व्यापाऱ्यास झाडाखाली बांधण्याची जाळी किंवा अंथरण्याचे जुने कापड पुरवता येते. त्यावर पडलेले फूल राख-मातीविना येते, स्वच्छ वाळते आणि त्याचा भावही बरा मिळतो. यात दानधर्माचा मोठा आव नाही. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर व्यवहार करणे ही व्यापारी घराण्यांना जन्मापासून ठाऊक असलेली गोष्ट आहे. पान आणि फूल हे व्याज, झाड हे मुद्दल. तेंदूचे पान पुढे विडीत जाते, तो व्यापार श्रावकाने करावा की नाही हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण जोवर तो केला जात आहे, तोवर त्यातील आगीचा हिशेब टाळता येत नाही.

जे या व्यापारात नाहीत, त्यांच्याही वाट्याला एक गोष्ट येते. यात्रासंघ निघतो तेव्हा बरोबर रसोडा असतो. सूर्यास्तापूर्वी चौविहाराचे जेवण उरकण्याच्या घाईत रस्त्याकडेला, झाडाच्या सावलीत चूल मांडली जाते. पंगत उठते, भांडी गाडीत चढतात, पाण्याचा घडा मोजून वापरलेला असतो आणि चुलीतले निखारे तसेच राहतात. पाणी गाळून पिणारा, चालताना पायाखाली पाहणारा समाज त्या निखाऱ्यांवर दोन तांबे पाणी ओतल्याशिवाय पुढे जाणार नाही, अशी अपेक्षा ठेवणे वावगे नाही. रानाच्या रस्त्यावर उन्हाळ्यात चूल न मांडता गावात, मंदिराच्या किंवा धर्मशाळेच्या आवारात ती मांडणे त्याहूनही बरे. जयणा हा शब्द याच ठिकाणी आचरणात उतरतो.

सिरोंचाकडे जाण्याची इच्छा झालीच, तर हिवाळा सोयीचा. वडधम येथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले बुंधे पाहता येतात, कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत आणि संगमावरची संध्याकाळ कोणत्याही ऋतूत चुकवू नये अशी. निरीक्षण मनोरे हे सहलीसाठी बांधलेले नाहीत. त्यांवर चढण्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि वणव्याच्या हंगामात कामाच्या माणसाच्या नजरेआड येणे बरे नव्हे. मुलांना बरोबर न्यावे, वर गेल्यावर त्यांना थोडा वेळ गप्प बसू द्यावे आणि मग विचारावे की काय दिसले. 'काहीच नाही' असे उत्तर आले, तर तेथील माणसाला त्याइतके आवडणारे दुसरे उत्तर नसेल.

कारण मनोऱ्यावरच्या माणसाचा उत्तम दिवस म्हणजे ज्या दिवशी त्याला कोणालाही काहीही कळवावे लागत नाही तो. ऊन कलते, करडे रान तांबूस होते, पाड्यांवर संध्याकाळच्या चुली पेटतात, आणि त्या ओळखीच्या धुराखेरीज क्षितिजावर दुसरी रेघ नसते. तो जिना उतरून घरी जातो. असे दिवस वाढवणे त्याच्या हाती नाही. तो फक्त पाहू शकतो. ते वाढवणे बऱ्याच अंशी त्यांच्या हाती आहे, ज्यांनी तो मनोरा कधी पाहिलेला नसतो, पण पुढच्या हंगामाच्या करारावर ज्यांची सही व्हायची असते.